चित्र राजाचे, मुखवटा कोणाचा?

रे रोड हे नाव ज्यांच्यावरून पडले ते लॉर्ड रे हॉलंडात, हेग शहरी जन्मले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १८८५ ते १८९० ही पाच वर्षे ते मुंबईचे गव्हर्नर होते. नाव उरले, माणूस विस्मरणात गेला. राजेलोकांच्या चित्रांची गत याहून वाईट होते. चित्र उरते, मात्र ते कोणाचे, हे कोणी विचारीतच नाही.

‘भावना शुद्ध असली की पुरे, चित्र कोणाचेही असो,’ असे म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र पूजिले जात होते, ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक उघडकीस आणली आणि १९३३ साली डचांनी जपलेले महाराजांचे चित्र पुढे ठेवले. खोटे चित्र भिंतीवरून उतरवायला लावणारे बेंद्रे भक्तीत कोणाहून उणे होते काय?

परंतु दुसरे टोकही तितकेच घातक आहे. युरोपातील जुन्या ग्रंथात छापले, म्हणजे जणू छायाचित्रच, असे काहीजण धरून चालतात. व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाच्या ग्रंथात महाराजांचे ताम्रपटावरून छापलेले चित्र आहे. ग्रंथ १७२४ ते १७२६ मधला. महाराजांचे निधन १६८० चे. कोरणाऱ्याने त्यांना पाहिले असे मानण्यास काडीचा आधार नाही. शिवाय पत्र्यावरचे डावे कागदावर उजवे होऊन उमटते.

कोरलेला पत्रा मोलाचा, म्हणून त्याचा पुनःपुन्हा उपयोग होई. सतराव्या शतकात पिएर लोंबार याने व्हॅन डाइकच्या चित्रावरून एक घोडेस्वार कोरला. त्या एकाच पत्र्यावरचा चेहरा घासून कधी क्रॉमवेलचा, कधी पहिल्या चार्ल्सचा मुखवटा चढविण्यात आला. १६४९ साली ज्या राजाचा शिरच्छेद झाला, त्याच्याच घोड्यावर त्याचा वैरी स्वार!

कराविषयी प्रश्न आला तेव्हा प्रभू येशूने आधी नाणे मागविले आणि त्यावरची मुद्रा कोणाची, हे विचारले. उत्तर त्यानंतर दिले. आपणही तोच क्रम पाळावा. शाळेत, सभागृहात वा दिनदर्शिकेवर राजाचे चित्र लावताना त्याखाली एक ओळ अवश्य छापावी: मूळ चित्र कोठले आणि कोणत्या काळातले. ज्याचा आदर खरा आहे, त्याला ही एक ओळ जड वाटू नये.