कडी आणि हात

संगणक म्हणजे पडदा आणि कळफलक, एवढीच ओळख आज बहुतेक शाळांतून होते. आत काय घडते, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी एक संगणक उभारला. तो १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे ८१,९२० बिट. एका बिटासाठी फेराइटची एक इवलीशी कडी. फेराइट म्हणजे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइड भाजून केलेला पदार्थ.

या कड्या उभ्या-आडव्या तारांत ओवलेल्या असत. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला, की दोन्ही जेथे मिळतात, त्याच कडीचे चुंबकत्व दिशा बदलते. एक दिशा म्हणजे शून्य, उलट दिशा म्हणजे एक. वीज गेली तरी कडी विसरत नाही. मात्र वाचताना नोंद पुसली जाते, म्हणून ती लगेच पुन्हा लिहावी लागते.

अशा जाळ्या त्या काळी बहुधा हातांनीच ओवल्या जात. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाची कायमस्वरूपी स्मृती अमेरिकेतील कारखान्यात स्त्रियांनी विणली. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य.

आपल्या समाजाने शतकानुशतके राबणाऱ्या हातांना अक्षरापासून दूर ठेवले आणि हाताच्या कामाला हीन लेखले. त्या कडीपाशी मात्र हात आणि बुद्धी यांची फारकत करता येत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत, शेतांत, उसाच्या फडांत राबणाऱ्या मायबापांच्या लेकरांना हे सांगितलेच पाहिजे. यंत्र वापरणारा होणे पुरेसे नाही. यंत्र जाणणारा झाला, तरच तो कोणाचा मिंधा राहणार नाही.

त्यासाठी मोठा खर्च नको. लोखंडी खिळा, वेष्टित तांब्याची तार, एक सेल आणि होकायंत्र एवढे पुरे. सेलची टोके उलटी जोडली, की होकायंत्राची सुई उलट फिरते. शून्याचा एक झालेला मूल डोळ्यांनी पाहते. अभियंते झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे आणि हा प्रयोग मुलांच्या हातून करवून घ्यावा, ही आमची कळकळीची विनंती.