हिरव्या पानाची बाटली आणि यान्बूचा प्रवास

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एक बाई यान्बूला निघाल्या. सौदी अरेबियात तांबड्या समुद्रावरचे हे बंदर. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात त्यांचा मुलगा आहे आणि सुनेचे दिवस भरत आले होते. "सिस्टर, माझ्या गोळ्या एकदा बघून द्या," म्हणून त्यांनी मला बोलावले. गोळ्यांच्या पिशवीत गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली निघाली. लेबलावर हिरवे पान आणि खाली शब्द, ‘विजया’. विजया म्हणजे भांग, हे बाईंना ठाऊकच नव्हते.

"पण वैद्यांच्या चिठ्ठीवर घेतलंय!" त्या म्हणाल्या. खरेच होते. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंड्यावेगळी नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून पानांची आयुर्वेदिक औषधे रीतसर मिळतात. बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्य म्हणून मान्यता दिली. मात्र तेलात नशा आणणारे टीएचसी किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

पान, फूल, बी असा हा बारकावा आपल्या घरचा. सौदीच्या विमानतळावर तो सांगत बसता येणार नाही. तिथे अमली पदार्थांच्या चोरट्या आयातीला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. इस्रायलमध्ये आपल्या काही नातलगांना भांगेचे औषध डॉक्टरांमार्फत मिळते, पण तो कागदही तिथल्या हद्दीपुरताच.

नुसत्या नावाने मात्र घाबरू नये. इंग्रजीत अंबाडीलाही हेंप म्हणतात आणि तागालाही. अंबाडीच्या भाजीने आजवर कुणाला झिंग आलेली नाही.

या औषधांना परवानगी दिली, ते मला मान्य आहे. दुखण्याने रात्र रात्र जागणारे रोगी मी पुष्कळ पाहिले. पण बाटलीवर ‘परदेशी नेऊ नये’ हे मराठीत, आपल्या वयाच्या डोळ्यांना दिसेल अशा ठसठशीत अक्षरात छापण्याची सक्ती का नसावी? बारीक इंग्रजीत लिहून जबाबदारी संपत नाही. दुकानदारानेही तोंडाने सांगावे.

आणखी एक. ट्रामाडॉल, प्रीगाबालिन या आपल्या नेहमीच्या गोळ्याही तिथे नियंत्रित आहेत. नेण्यापूर्वी सौदी अन्न व औषध प्राधिकरणाची ऑनलाइन परवानगी मुलाकडून काढून घ्यावी. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवावी.

बाटली माझ्याकडे राहिली. उठता उठता सुनेसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा दिसला. विचारले, "खसखस घातलीत का?" घातली होती, मूठभर. सौदीत खसखशीलाही बंदी आहे. बाईंनी लाडू सोसायटीत वाटले आणि त्याच रात्री खसखशीवाचून नवे वळले.