कोरेगाव भीमा वर्गात शिकवा!

१ जानेवारी जवळ आली की भातकुलीतल्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर दोन लढाया सुरू होतात. एकीत ५०० महारांनी २८ हजारांची फौज कापली. दुसरीत महार देशद्रोही. अन् शाळेत? शाळा गप्प. म्हणे, नाजूक विषय आहे. अहो, नाजूक आहे म्हणूनच शिकवा ना!

सांगा, १८१८ मध्ये कंपनीच्या सुमारे ८०० जणांत महार मोठ्या संख्येनं होते, पण मराठे अन् मुसलमानही होते. पेशव्याकडून अरब लढले. सांगा, जयस्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. अन् त्याच इंग्रजांनी पुढे महारांची भरती बंद केली, हेही लपवू नका. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं काऊन गेले, ते सांगा. मग लेकरांनाच विचारा : ज्या राज्यात आपली सावलीही विटाळ ठरते, त्या राज्यासाठी माणसानं काऊन लढावं?

२०१८ ला तिथं दगडफेक झाली, एक तरुण जीव गेला, महाराष्ट्र बंद झाला. दगड उचलणारी पोरंही कुठल्यातरी शाळेतूनच गेली होती. गुरुजी, तुम्ही बोलला नाहीत तर फॉरवर्ड बोलणारच. पालकहो, येत्या पालकसभेत हा विषय काढा. मी तर काढणारच!