चित्रपट गांवदेवीच्या पटांगणांत यावा

चित्रपट पाहावयाचा तो चित्रपटगृहांतच पाहावा, इतरत्र पाहणें म्हणजे त्या कलेचा उपमर्द होय, असें एक मत आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे पक्कें होत चाललें आहे. समाजमंदिरांत, शाळेच्या पटांगणांत अथवा गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर पडदा लावून वस्तीचा चित्रपटमहोत्सव भरवावा, अशी सूचना नवी मुंबईंत कोणीं केली कीं लगेच नाकें मुरडलीं जातात. हें मत आम्हांस सर्वथा अमान्य आहे, आणि तें कां अमान्य आहे हें स्पष्टपणें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

इतिहासाकडे पाहावें तर हें मत क्षणभरहि टिकत नाहीं. मुंबईंत चलच्चित्र प्रथम दिसलें तें ७ जुलै १८९६ रोजीं, आणि तें वॉटसन हॉटेलांत. चित्रपटगृह ही वस्तु तेव्हां मुंबईस ठाऊकहि नव्हती. मराठी नाटकाची कथा हीच. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें तें सांगलीच्या राजवाड्यांत, नाट्यगृहांत नव्हे. आज वाशीच्या नाट्यगृहास त्याच भाव्यांचें नांव आहे, हें आमच्या टीकाकारांनीं विसरूं नये. पुढें फिरत्या सिनेमाच्या तंबूंनीं जत्रेजत्रेंतून खेड्यापाड्यांस चित्रपट दाखविला. या तंबूंच्या अखेरच्या दिवसांचें चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटांत केलें, व २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. तंबूचें चित्र कान येथें गेलें म्हणजे आम्ही टाळ्या वाजवितों. प्रत्यक्ष तंबू आमच्या दाराशीं आला तर मात्र आम्ही पोलिसांस बोलावूं!

कोणी म्हणतील, हे दाखले जुने झाले. तर मग २००४ सालची गोष्ट घ्या. मुंबईच्या माहितीपट व लघुपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत भारतीय चित्रपटांस सेन्सॉरचें प्रमाणपत्र सक्तीचें करण्याचा घाट घातला गेला. विरोध झाला, अट मागें घेतली गेली. परंतु कित्येक बोचऱ्या चित्रपटांस महोत्सवांत स्थान मिळालें नाहीं. तेव्हां त्यांच्या कर्त्यांनीं 'विकल्प' या नांवाखालीं भूपेश गुप्ता भवनांत आपला निराळा महोत्सव भरविला. तेंहि कांहीं चित्रपटगृह नव्हतें. केरळांत जॉन अब्राहम यांच्या ओडेसा मंडळानें तर लोकांकडून वर्गणी गोळा करून 'अम्मा अरियन' (१९८६) हा चित्रपट काढला आणि गांवोगांव नेऊन दाखविला. ज्या चित्रपटांस मोठें दार उघडत नाहीं त्यांस लहान दार लागतें, एवढाच याचा अर्थ.

आतां आमच्या शहराकडे वळूं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनींवर हें शहर आखलें गेलें. रस्ते आले, सेक्टर आले, भव्य स्थानकें आलीं; पण गांवठाणांतला आगरी-कोळी आणि सेक्टरांतला चाकरमानी यांनीं एकत्र बसावें अशी जागा आजहि शोधावी लागते. मासळी बाजारांत ते भेटतात, तें घासाघीस करण्यापुरते. मॉलमधील चित्रपटगृहाकडून ही अपेक्षा करणें व्यर्थ. तेथील तिकिटाचा दर हीच तेथील भिंत आहे. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जमिनीच्या मोबदल्यासाठीं जें आंदोलन झालें, त्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच माणसें गेलीं. त्याच जमिनींवरील इमारतींत राहणाऱ्या किती जणांस हें ठाऊक आहे? या विषयावरचा माहितीपट दिवाळ्याच्या कोळीवाड्यांत, गांवदेवीच्या पटांगणांत लागावा. सेक्टरांतल्या मंडळींनीं तो पाहावयास यावें. आणि शेजारीं बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्यानें "हें असें नव्हतें, मीं पाहिलें आहे" म्हणून पडद्यालाच खोटें पाडावें. असा प्रसंग कोणत्या मल्टिप्लेक्सांत घडेल?

प्रत्येकाच्या हातीं फोन असतां हा खटाटोप कशाला, असा दुसरा आक्षेप. फोन चित्रपट देतो, शेजारी देत नाहीं. फोनवर नावडती गोष्ट आली कीं बोट फिरवून निसटतां येतें. चारचौघांत बसलेला मनुष्य ती बहुधा शेवटपर्यंत पाहतो आणि उठतांना तिच्याविषयीं भांडतो. तें भांडणच आम्हांस हवें आहे. गच्चीवर चित्र फिकें दिसेल, आवाज विरेल, हें मात्र आम्ही मान्य करतों. कायद्याचें म्हणाल तर १९५२ च्या चलच्चित्र कायद्याप्रमाणें प्रमाणपत्र पाहावें, रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, आणि चित्रपटकर्त्याची परवानगी घेऊन त्याचें मानधन द्यावें. फुकटेपणा म्हणजे लोकसेवा नव्हे.

शेवटीं आमच्या पक्षासहि दोन शब्द. चित्रपटांची निवड आम्ही प्राध्यापकांनींच केली, तर तो महोत्सव न होतां आणखी एक व्याख्यान होईल. निवडसमितींत निम्मीं माणसें गांवठाणांतलीं असावींत. त्यांस 'संत तुकाराम' हवा असेल तर तो लागो. १९३६ सालचा प्रभातचा तो बोलपट साध्या भाविकांनीं जसा डोक्यावर घेतला, तसाच १९३७ सालीं व्हेनिसच्या परीक्षकांनींहि वाखाणला. लोकांना शहाणें करावयास जाणाऱ्यानें आधीं हें ध्यानांत घ्यावें.

महानगरपालिकेनें महिन्यांतून एक सायंकाळ समाजमंदिर नाममात्र भाड्यानें द्यावें. गृहनिर्माण संस्थांनीं तेवढ्या वेळेपुरतें फाटकाचें कुलूप काढावें. आणि नाकें मुरडणाऱ्यांनीं निदान एकदां येऊन बसावें. चटई आम्ही देऊं.