खारीचें दुखणें

सिडकोची स्थापना १९७० मध्यें झाली तेव्हां आजच्या नव्या मुंबईच्या जागीं भातखाचरें, मिठागरें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं. पुढें वाशी, नेरूळ, बेलापूर येथें वसाहती उठल्या व रस्त्यांच्या कडेनें गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष लावले गेले. या झाडांचा मुक्त उपभोग घेणारें बिऱ्हाड म्हणजे आपली पट्टेवाली खार होय. तळकोंकणांत व गोव्यांत हिलाच चानी म्हणतात. पावसापूर्वीं फांद्या छाटल्या गेल्या, किंवा जून २०२० मधील निसर्ग अथवा मे २०२१ मधील तौक्ते यांसारखें वादळ आलें, कीं हिचीं घरटीं खालीं येतात आणि मिटल्या डोळ्यांचीं पिलें सोसायटीच्या आवारांत सांपडतात. मुलें तीं वर घेऊन येतात, बुटांच्या खोक्यांत कापूस घातला जातो आणि घरांत एक पाहुणा वाढतो. या पाहुण्याच्या दुखण्याखुपण्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कायद्याची गोष्ट आधींच सांगून टाकूं. खार हा रानटी प्राणी आहे, आणि असे प्राणी हौसेनें कायमचे घरांत ठेवण्याच्या आड १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा येतो. वन खात्याचा १९२६ हा दूरध्वनि क्रमांक याच कामासाठीं आहे. पिलूं घरांत आलें कीं तेथें कळवावें. शिवाय पिलूं उबदार, टवटवीत व निर्जखमी असेल तर तें वर आणूंच नये. त्याच झाडाच्या बुंध्याशीं उथळ खोक्यांत ठेवून, मांजरें व कावळे यांवर नजर ठेवीत आपण दूर उभें राहावें. आई दिवसाउजेडीं येते व तोंडांत धरून एकेक पिलूं घेऊन जाते. माणसाचा हात लागला म्हणून आई पिलाला टाकते, ही समजूत खोटी आहे. गार पडलेलें, जखमी, मुंग्या लागलेलें किंवा मांजराच्या तोंडून सुटलेलें पिलूं मात्र ताबडतोब उचललें पाहिजे.

आजारी माणूस कण्हतो, आजारी गाय चारा सोडून उभी राहते, कुत्रा कोपऱ्यांत जाऊन धन्याच्या तोंडाकडे पाहतो. खारीला अशी सोय नाहीं. कावळा, घार, साप, मांजर हे जिचे शेजारी, तिनें दुखणें दाखविलें कीं तीच पहिली पकडली जावयाची. म्हणून अंगांत त्राण असेतों ती नेहमींसारखीच वागते, आणि ‘आज हिला बरें दिसत नाहीं’ असें घरांतील मंडळींच्या लक्षांत येतें, तोंपर्यंत दुखणें बहुधा बरेंच पुढें गेलेलें असतें. उद्यां पाहूं, असें म्हणावयास येथें जागा नाहीं.

हिंदीतील थोर लेखिका महादेवी वर्मा यांच्या १९७२ मधील ‘मेरा परिवार’ या पुस्तकांत गिल्लू नांवाच्या खारीची हकीकत आहे. कावळ्यांनीं चोंची मारून अर्धमेलें केलेलें हें पिलूं बाईंनीं जखमा पुसून, मलम लावून वांचविलें. पुढें दोन वर्षांनीं त्याची अखेर आली. त्या दिवशीं त्यानें दिवसभर कांहीं खाल्लें नाहीं, तो बाहेर गेला नाहीं, आणि रात्रीं त्याचे पंजे इतके गार पडले कीं बाईंनीं उठून हीटर लावला. अन्न सुटणें, हिंडणें थांबणें, अंग गार पडणें, या क्रमाकडे वैद्यकाच्या दृष्टीनेंही पाहावें. यांतील पहिली खूण दिसली कीं उठलें पाहिजे. तिसरीपर्यंत वेळ फारच थोडा उरलेला असतो.

कित्येक घरांत गार व सुस्त पडलेल्या पिलाकडे पाहून ‘थंडीची झोंप लागली असेल’ असें म्हटलें जातें. थंड देशांतील कांहीं जातींच्या खारी हिवाळाभर निजतात हें खरें, परंतु आपली पट्टेवाली खार अशी शीतनिद्रा घेत नाहीं. ती गार पडली म्हणजे आजारीच समजावी. उलट, मे महिन्याच्या उकाड्यांत ती लादीवर चारी पाय पसरून पालथी पडली तर घाबरण्याचें कारण नाहीं. तिची अंग निवविण्याची ती रीत आहे. मात्र तोंड उघडें टाकून धापा टाकूं लागली तर ती उष्म्यानें व्याकुळ झाली आहे असें समजून लगेच सावलींत व वाऱ्यावर न्यावें. शेंपटी झटकीत एकसारखा चिक्-चिक् आवाज करणें हेंही दुखणें नव्हे. खिडकींत बहुधा मांजर दिसलें असेल.

रोज पाहण्याच्या खुणा साध्या आहेत. डोळे पाणीदार आहेत कीं अर्धवट मिटलेले, केस अंगालगत आहेत कीं पिंजारलेले, लेंड्या कोरड्या व सुट्या आहेत कीं शेंपटीखालची जागा ओली आहे, नाकाशीं बुडबुडा दिसतो काय. खाणें हातांत घेऊन पुनः टाकून देते आणि हनुवटी लाळेनें ओली असते, असें दिसल्यास दांत पाहावे. तिचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. कुरतडण्यास कठीण लाकूड किंवा करवंटी न मिळाल्यास ते वेडेवांकडे वाढून तोंडच मिटेनासें होतें. माझ्या मतें सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे स्वयंपाकघरांतील ग्रॅम दाखविणारा कांटा. प्रौढ खारीचें वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. त्यांतील दहा ग्रॅम घटणें म्हणजे साठ किलोच्या माणसानें सहा किलो गमावण्यासारखें आहे. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें कांटा आधीं सांगतो.

आतां उपचार. यांत क्रम फार महत्त्वाचा आहे: आधीं ऊब, मग पाणी, आणि सर्वांत शेवटीं अन्न. आपल्या घरांत उलट घडतें. पिलूं मलूल दिसलें कीं आजीबाई दुधाची वाटी घेऊन येतात, आणि माया अपायकारक होते. गार शरीराचें आंतडें काम करीत नाहीं. पोटांत गेलेलें दूध तेथेंच नासतें व पोट फुगतें. म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखालीं ठेवावी, म्हणजे फार ऊन वाटल्यास पिलाला दुसऱ्या बाजूस सरकतां येतें. अंगाला व पंजांना ऊब आली कीं पाठीवरची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती तशीच उभी राहिली तर शरीरांतील पाणी आटलें आहे. अशा वेळीं जुलाबावर माणसांना देतात ती क्षारसाखरेची पूड पाकिटावर सांगितल्याप्रमाणें उकळून निवविलेल्या पाण्यांत विरघळवावी व तें पाणी कोमट करून, बिनसुईच्या बारीक पिचकारीनें ओठांच्या कडेला एकेक थेंब लावावा. थेंब त्यानें स्वतः चाटला पाहिजे. घशांत सोडूं नये. तान्ह्या मुलासारखें उताणें धरणें हा तर घात आहे. पिलूं पालथें, डोकें किंचित वर, असें धरावें. नाकांतून पाणी आलें तर थांबून डोकें खालीं करावें व नाक पुसावें. त्यानंतर एकदोन दिवसांत श्वासाबरोबर बारीक खटखट ऐकूं आली तर फुप्फुसांत दूध वा पाणी गेलें आहे. तें दुखणें घरगुती नव्हे.

गाईम्हशीच्या दुधांतील साखर या पिलांना पचत नाहीं. जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही पुरे होतात. कुत्र्याच्या पिलांसाठीं दुधाची भुकटी मिळते ती त्यापेक्षां बरी. डोळे न उघडलेल्या पिलाला आई चाटल्याशिवाय लघवी होत नाहीं, म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कोमट कापसानें खालची जागा हळूच पुसावी. हें न कळल्यामुळें दूध नीट पचणारें पिलूंही पोट टम्म होऊन दगावतें.

वाढलेल्या खारीचें एक दुखणें बंद घरांत विशेष आढळतें. शेंगदाणे, सूर्यफुलाचें बीं व बिस्किटें यांवर ती पोसली जाते. या खाण्यांत स्फुरद अधिक व चुना कमी. त्यांत कांचेच्या खिडकींतून आलेल्या उन्हांतले हाडांना उपयोगी किरण कांचेंतच अडतात. हळूहळू हाडें मऊ पडतात. खार उंच उडी टाळूं लागते, मागचे पाय थरथरतात, मग ती ते ओढीत चालते. पडल्यामुळें पाय दुखावला असेल अशी समजूत करून लोक तेल चोळतात आणि मोलाचे दिवस जातात. वेळीं डॉक्टरांकडे नेल्यास चुन्याच्या औषधानें पुष्कळदां गुण येतो. आंकडी येऊं लागल्यावर काम कठीण होतें.

मांजरानें धरलेल्या खारीच्या अंगावर कधीं कधीं ओरखडाही दिसत नाहीं. तरीही तिला त्याच दिवशीं औषधोपचार हवा, कारण मांजराच्या दांतांतील जंतु सुईएवढ्या भोंकांतून आंत जाऊन रक्तांत विष पसरवितात. नाकांतून रक्त येत असेल तर आवारांत उंदरांचें विष ठेवलें होतें काय, याची चौकशी करून तें डॉक्टरांस सांगावें. आणि दुखणाईत खार हाताळतांना चावली तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून आपल्या डॉक्टरांस दाखवावी. खारींत पिसाळ रोग क्वचितच आढळतो, पण मुलाला चावली असेल तर हा निर्णय घरीं करूं नये.

पुष्कळ पशुवैद्यांचा हात कुत्र्यामांजरांवर बसलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वीं दूरध्वनि करून खार पाहतात काय तें विचारावें. परळ येथें १८८३ पासून चालत आलेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचें रुग्णालय व १८८६ चें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. भोंकें पाडलेल्या, अंधाऱ्या खोक्यांत मऊ फडकें घालून न्यावें. हातांत घेऊन, कुरवाळीत नेऊं नये, कारण भीतीनेंच तिची छाती धडधडून शक्ति जाते. बरोबर एक चिठ्ठी असावी: मागील आठवड्याचें व आजचें वजन, शेवटचें काय व केव्हां खाल्लें, लेंडी कशी होती. जुलाब होत असतील तर थोडी लेंडी डबींत घालून न्यावी, म्हणजे तपासणीसाठीं पुनः फेरा पडत नाहीं.