गाणं एक, तबकड्या अनेक

फेब्रुवारी १९९० मध्ये लंडनच्या म्यूट रेकॉर्ड्सनं डेपेश मोड या इंग्लिश बँडचं ‘एन्जॉय द सायलेन्स’ बाजारात आणलं. गाणं एकच, पण दुकानात ते सात इंची तबकडीवर होतं, बारा इंचीवर होतं, कॅसेटवर होतं, सीडीवरही होतं आणि त्याशिवाय मर्यादित प्रतींच्या आणखी आवृत्त्या होत्या. एका रूपात नाचण्यासाठी ताल वाढवलेला. दुसऱ्यात गाणं रचणाऱ्या मार्टिन गोरनं ते स्वतः, हार्मोनियमच्या साथीवर, अगदी संथ म्हटलेलं. आणि सगळ्यांवर कडी करणारं ‘द क्वाड: फायनल मिक्स’ पंधरा मिनिटांहून लांब. ते तबकडीच्या एकाच बाजूला भरलेलं. दुसऱ्या बाजूवर गाणं नाहीच, तिथं नुसती नक्षी कोरलेली.

यातलं ‘खरं’ गाणं कोणतं? अल्बममधलं, असं बहुतेक जण सांगतील. पण या सगळ्या तबकड्या शोधून, पैसे साठवून, परदेशांतून मागवून जमवणारा संग्राहक ते मान्य करणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. हार्मोनियमवरचं ते संथ रूप ऐकल्यावर कळतं की हे मुळात एक हळवं, मंद लयीचं गाणं होतं. बँडमधल्या अॅलन वाइल्डरनं त्याची लय वाढवायचं सुचवलं आणि मग ते जगभर वाजलं. सिंगल बाजूला ठेवून फक्त अल्बम ऐकणाऱ्याला या प्रवासाचा पत्ताच लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक बँडच्या बाबतीत रिमिक्स म्हणजे उरल्यासुरल्या मालाची विक्री, हा समज खोडून काढायला हवा. ज्या संगीताचा जन्मच सुट्या थरांतून होतो, त्यात ते थर पुन्हा वेगळ्या रीतीनं मांडणं हे रचनेचंच पुढचं पाऊल असतं. ड्रम मशीनचा ताल एकीकडे, सीक्वेन्सरवरची बासची ओळ दुसरीकडे, सॅम्पलरमध्ये साठवलेले आवाज तिसरीकडे. डेपेश मोडचे लोक १९८३-८४ च्या सुमारास लोखंडी पाइप, पत्रे, दगड असं काहीबाही ठोकून त्याचे आवाज मुद्रित करत आणि कीबोर्डच्या पट्टीपट्टीवर बसवत. असं गाणं टेपवर एकदा थर-थर करून ठेवलं की कोणता थर पुढे आणायचा, कोणता पुसायचा, कोणता दोन मिनिटं एकटाच वाजू द्यायचा, हा प्रत्येक वेळी नवा निर्णय असतो. ख्यालगायकाची एकच बंदिश दोन मैफलींत दोन तऱ्हांनी उलगडते, तेव्हा दुसरीला कोणी ‘नक्कल’ म्हणत नाही.

या कलेची मुळंही मान ताठ करून सांगावीत अशी आहेत. जमैकात किंग टबीसारखे ध्वनितंत्रज्ञ १९७० च्या दशकात गाण्यातून गायकाचा आवाज काढून, बास आणि ढोल पुढे आणून, प्रतिध्वनीचे खेळ करून ‘डब’ घडवत होते. त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टननं नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवायला सुरुवात केली. मग कळलं की मोठ्या तबकडीवर खाचा ऐसपैस कोरता येतात, त्यामुळे आवाज मोठा आणि बास खणखणीत मिळतो. सात इंचीत गाणं लांबवलं की खाचा एकमेकींना चिकटत आणि आवाज मरायचा. सालसोल कंपनीनं १९७६ मध्ये ‘डबल एक्सपोजर’ या चमूचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंची सिंगल म्हणून दुकानांत विकायला आणलं. त्याचं लांब रूप डीजे वॉल्टर गिबन्सनं केलं होतं. याच सुमारास रिमिक्स करणाऱ्याचं नाव तबकडीवर झळकू लागलं.

डेपेश मोड ही इंग्लंडच्या एसेक्समधल्या बॅझिल्डन गावची पोरं. १९८० मध्ये जमलेली. म्यूटचा मालक डॅनियल मिलर स्वतः सिंथेसायझरवेडा. त्याच्याकडे १९८१ मध्ये पहिलं सिंगल ‘ड्रीमिंग ऑफ मी’ निघालं आणि पुढच्याच वर्षी, ‘लीव्ह इन सायलेन्स’पासून, बँडच्या सिंगल्सना स्वतंत्र क्रमांक मिळू लागले: बाँग १, बाँग २, बाँग ३. क्रमांकाआधी सात किंवा बारा, म्हणजे तबकडीचं माप. ‘एल’ म्हणजे मर्यादित आवृत्ती. ‘एक्सएल’ आणखी दुर्मिळ. जगभरचे डेपेश मोडचे चाहते आजही गाण्यांची नावं न घेता या क्रमांकांत बोलतात. बाँग १८ म्हटलं की समोरच्याला ‘एन्जॉय द सायलेन्स’ कळतं.

या मर्यादित तबकड्यांवर जे काम झालं ते पाहिलं की कौतुक वाटतं. १९८४ च्या ‘पीपल आर पीपल’ आणि ‘मास्टर अँड सर्व्हंट’ या गाण्यांना एड्रियन शेरवूडनं हात लावला. शेरवूड हा लंडनमधला डबचा खंदा माणूस, जमैकन वादकांबरोबर वाढलेला. त्यानं एसेक्सच्या पॉप गाण्याला किंगस्टनच्या पद्धतीनं उभं-आडवं चिरलं. १९८६ च्या ‘स्ट्रिप्ड’चं ‘हायलँड मिक्स’ मार्क एलिसनं केलं. फ्लड या टोपणनावानं ओळखला जाणारा हा तंत्रज्ञ पुढे याच बँडच्या ‘व्हायोलेटर’ अल्बमचा निर्माता झाला. म्हणजे त्या बारा इंचीवर पुढच्या मोठ्या भागीदारीची पहिली खूण आहे. १९८९ च्या ‘पर्सनल जीझस’च्या रिमिक्ससाठी न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांत घडलेला फ्रान्स्वा केव्हॉर्किअन आला. हे सगळे त्या काळातले अव्वल लोक होते. त्यांच्या कामाला ‘जादा ट्रॅक’ म्हणून शेपटीला बांधणं अन्याय आहे.

काही गाणी तर सिंगलवाचून कुठेच नव्हती. १९८३ चं ‘गेट द बॅलन्स राइट!’ ब्रिटनमधल्या कुठल्याच स्टुडिओ अल्बममध्ये आलं नाही. १९८५ ची ‘शेक द डिसीज’ आणि ‘इट्स कॉल्ड अ हार्ट’ही सिंगल म्हणूनच निघाली आणि मग संकलनात गेली. पहिल्या ‘स्पीक अँड स्पेल’ अल्बमची ब्रिटिश आणि अमेरिकी तबकडी शेजारी ठेवली तर ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ची दोन वेगळी रूपं हाती येतात. अमेरिकेतल्या प्रतीवर लांबवलेलं ‘शिझो मिक्स’ आहे आणि ब्रिटनमध्ये वगळलेलं ‘ड्रीमिंग ऑफ मी’सुद्धा आहे. उलटसुलट प्रकार पुढेही चालू राहिला. ‘बट नॉट टुनाइट’ हे गाणं ब्रिटनमध्ये ‘स्ट्रिप्ड’च्या मागच्या बाजूला होतं. अमेरिकेतल्या सायर कंपनीला तेच जास्त आवडलं, एका चित्रपटातही ते घेतलं गेलं आणि तिथं ‘स्ट्रिप्ड’ मागे गेलं. ‘लिट्ल १५’ तर १९८८ मध्ये फ्रान्ससाठी काढलं आणि ब्रिटिश चाहत्यांनी ते आयात करून घेतलं.

काही तबकड्यांच्या मागे घटनाच असते. १९८१ मध्ये ‘फ्लेक्सीपॉप’ मासिकाबरोबर वाकणाऱ्या पातळ प्लास्टिकची एक तबकडी फुकट मिळत असे. अशाच एका तबकडीवर एका बाजूला डेपेश मोडचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच कंपनीतला कलाकार फॅड गॅजेट. एका पिढीनं मासिक वाचून झाल्यावर ती टाकून दिली. आणि २० मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिसमधल्या वेअरहाउस या दुकानात बँड सह्या द्यायला बसला, तेव्हा बाहेर हजारोंची गर्दी लोटली. चेंगराचेंगरी झाली, लोक जखमी झाले, पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला. दिलगिरी म्हणून केआरओक्यू या तिथल्या रेडिओ केंद्राच्या साथीनं, आलेल्या चाहत्यांसाठी एक कॅसेट काढण्यात आली. ती कॅसेट आज संग्राहकांना हवी असते ती केवळ दुर्मिळ म्हणून नव्हे. एका शहरात एका दिवशी या संगीताचं काय झालं होतं, याचा तो पुरावा आहे.

आक्षेप ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. कंपन्यांनी एकाच चाहत्याला एकच गाणं तीन-चारदा विकण्यासाठी हा खटाटोप केला, असं म्हटलं जातं. खरंच केला. १९९० च्या दशकात तर एका गाण्याच्या दोन-दोन सीडी काढून त्यांत वेगवेगळे रिमिक्स वाटून टाकायची चाल सर्रास झाली. शेवटी, किती प्रकारच्या प्रतींचा खप क्रमवारीसाठी धरायचा यावर ब्रिटनच्या चार्टवाल्यांना मर्यादा घालावी लागली. त्या काळातले कित्येक रिमिक्स म्हणजे मूळ गायकाचा एक शब्द उचलून तयार तालावर चिकटवलेले कागद आहेत. ते ऐकावेत असा आग्रह कोणी धरू नये. पण व्यापाराच्या हेतूनं निघालेली प्रत्येक गोष्ट कलाहीन ठरवायची तर चित्रपटसंगीताचा बहुतेक खजिना फेकून द्यावा लागेल. शेरवूडचं काम ऐकताना त्यामागचा खपाचा हिशेब आठवत नाही.

खरी चिंता आजची आहे. मोबाइलवर गाण्याचं नाव शोधलं की सहसा अल्बममधलं किंवा एखाद्या संकलनातलं रूप वर येतं. वर्ष छापलेलं असतं संकलनाचं. रिमिक्स कोणी केला, टेप कुठल्या स्टुडिओत फिरली, मागच्या बाजूला काय होतं, ही माहिती बऱ्याचदा गायब. ऐकणाऱ्याला सगळं मिळाल्यासारखं वाटतं आणि इतिहास हातातून निसटलेला असतो. हे संगीत सुरक्षित ठेवायला कंपन्या आहेतच, असा भरवसाही ठेवू नये. कंपन्यांचे मालक बदलतात. म्यूटच २००२ मध्ये ईएमआयनं विकत घेतली होती, आणि डेपेश मोडच्या बारा इंची सिंगल्सचे संच २०१८ पासून बाजारात आले ते सोनीकडून. शिवाय ध्वनिफिती नष्टही होतात: जून २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथं ठेवलेल्या मूळ ध्वनिफिती मोठ्या प्रमाणावर जळाल्या होत्या, हे सर्वसामान्यांना कळायला २०१९ साल उजाडलं.

डेपेश मोडच्या सिंगल्सचे संच काढणं ही चांगली गोष्ट झाली. १९९१ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये सीडीचे संच निघाले होते, ‘रीमिक्सेस ८१–०४’ आणि नंतर २०११ मध्ये त्याचा दुसरा भागही निघाला. पण संकलन म्हणजे निवड, आणि निवडीत वगळणं आलंच. फक्त डीजेंना पाठवलेल्या प्रोमो तबकड्या, देशोदेशींची वेगळी रूपं, सॅन फ्रान्सिस्कोच्या रेझरमेडसारख्या सेवांनी डीजेंसाठी केलेले रिमिक्स यांचा मागोवा अजूनही संग्राहकच घेतात. लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यात खरडलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगातून वाचायचा, दोन प्रती एकामागून एक लावून सेकंदांचा फरक टिपायचा, खरी प्रत कोणती आणि बूटलेग, म्हणजे बेकायदा काढलेली, कोणती हे ठरवायचं. जगातल्या तबकड्यांची सर्वांत मोठी सूची असलेलं डिस्कॉग्जही २००० मध्ये सुरू झालं ते फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नोंदींसाठी, आणि ते भरलं चाहत्यांनीच.

अशा संग्राहकामुळे काय साधतं याचं मुंबईतलं उदाहरण जगभर गाजलं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली, ती चालली नाही, लोक विसरले. २००२ मध्ये एडो बाऊमान या डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि शिकागोच्या ‘अॅसिड हाउस’ या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पाच वर्षं आधी मुंबईत हा आवाज घुमला होता, हे पाहून युरोपातले श्रोते चकित झाले. चरणजित सिंग यांना उतारवयात परदेशी रंगमंचांवर ही रचना वाजवता आली. २०१५ मध्ये ते गेले. ती धूळ खात पडलेली तबकडी कोणी हातात घेतली नसती तर यातलं काहीच घडलं नसतं. मुंबईतच १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं जुन्या हिंदुस्थानी तबकड्यांसाठी हेच काम केलं. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी त्या तबकड्यांवर लिहून लोकांपर्यंत माहिती पोचवली.

लिहून पोचवली, हे महत्त्वाचं. संग्राहकांत दुसरी जातही आहे: वेष्टनाचं सील न फोडता तबकडी कपाटात ठेवायची, भाव चढेपर्यंत वाट पाहायची आणि लिलावात विकायची. तो गुंतवणुकीचा धंदा आहे, त्याला संगीतप्रेम म्हणू नये. न वाजवलेली तबकडी कोणालाच काही सांगत नाही. संग्रहाची किंमत त्यातून बाहेर पडणाऱ्या माहितीवर ठरवायला हवी.

म्यूट, सोनी आणि अशा जुन्या ध्वनिफितींच्या इतर मालकांनी निवडक संचांवर न थांबता प्रत्येक सिंगलची प्रत्येक आवृत्ती मूळ वर्ष, मूळ क्रमांक आणि रिमिक्स करणाऱ्याच्या नावासह खुली करावी. त्यासाठी लागणारी यादी चाहत्यांनी आधीच करून ठेवलेली आहे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या, कॅसेटी पडल्या असतील, मग त्या डेपेश मोडच्या असोत की गावातल्या कलापथकाच्या, त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी लेबलवरचा क्रमांक, कंपनीचं नाव आणि कलाकारांची नावं वहीत उतरवून घ्यावीत, लेबलचा फोटो काढावा आणि ते एखाद्या जाणकार संग्राहकाला दाखवावेत.