अकाली बाळंतपण हे नशीब नव्हे



कपाशीला पाण्याचा ताण पडला, कीड लागली, की पातेगळ होते. आपण कारण शोधतो. घरात मात्र सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण झाले की 'देवाची मर्जी' म्हणून गप्प बसतो.

३७ आठवडे भरण्याआधी झालेले बाळंतपण अकाली. कारणे अनेक, त्यातले एक मोठे कारण जंतुसंसर्ग. योनिमार्गात, लघवीत जंतू वाढले की शरीराच्या रक्षक पेशी रासायनिक इशारे देतात. दाह होतो, प्रोस्टाग्लँडिन वाढते, गर्भपिशवीचे तोंड मऊ पडते, पाणमोट कमजोर होते आणि अवेळी कळा सुरू होतात. बाईला ताप येतोच असे नाही.

गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांची पाहणी डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के!

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जिरायत रानात ज्वारी काढणारी बाईही आडोसा नाही म्हणून लघवी दाबते, पाणी कमी पिते. अंगावरून जाते ते लाजेपोटी सांगत नाही. बैल बसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर येतो.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते. तिला घेऊन जा. लघवी तपासण्याचा हट्ट धरा. संसर्ग निघाला तर औषध पुरे करा. मनाने गोळ्या देऊ नका. तपासणी कागदावरच उरकली, तर बैठकीत उभे राहून जाब विचारा.

उत्पादन खर्चात बाईच्या श्रमाचा हिशेब धरा, असे आपण म्हणतो. मग तिच्या दुखण्याचाही धरा.